एका दिवसाची सहल : लेणी आणि पाणवठे

सकाळी निघावे, वाटाड्याबरोबर एखादे प्राचीन भग्नस्थळ पाहावे, दुपारी जवळच्या नैसर्गिक जलाशयात मनसोक्त पोहावे आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे, असा सहलीचा एक प्रकार जगात चांगलाच रुळला आहे. मेक्सिको देशातील युकातान प्रांतात माया लोकांची पुरातन नगरे पाहावयास येणारे लाखो प्रवासी बहुधा अशाच सहलींतून हिंडतात. कवठे महांकाळच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडताना कोणी म्हणेल, 'आमच्या दुष्काळी तालुक्याचा आणि त्या दूरदेशीच्या जलविहाराचा काय संबंध?' शंका रास्त आहे. परंतु आमचे म्हणणे असे की, ज्या मुलखात पाणी दुर्मीळ असते, तेथेच पाणी आणि प्राचीन वास्तू यांचे नाते सर्वांत घट्ट असते. हे नाते उलगडून दाखविणारी सहल ही नुसती करमणूक राहत नाही, ते एक शिक्षण होते. या व्याख्यानात त्या शिक्षणाचा थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम त्या दूरच्या प्रांताकडे पाहू. युकातानची भूमी चुनखडीची आहे. तेथे पाऊस आमच्या तालुक्याच्या दुपटीच्या आसपास पडतो, तरीही उत्तर युकातानात जमिनीवरून वाहणारी नदी जवळजवळ नाही. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कर्बाम्ल वायू घेऊन किंचित आम्ल होते, आणि हे आम्ल पाणी चुनखडीला हळूहळू विरघळवते. लक्षावधी वर्षांत जमिनीखाली पोकळ्या, भुयारे आणि वाहते प्रवाह तयार होतात. पुढे एखाद्या पोकळीचे छत कोसळते आणि खाली निळेशार पाणी उघडे पडते. अशा नैसर्गिक विहिरीला माया भाषेत 'त्सोनोत' म्हणतात. स्पॅनिश लोकांनी त्याचे 'सेनोते' केले आणि तेच नाव जगभर चालू झाले.

माया लोकांनी आपली नगरे अशा विहिरींच्या आधाराने वसविली. नवव्या शतकापासून पुढे भरभराटीस आलेल्या चिचेन इत्सा या नगराच्या नावाचा अर्थच मुळी 'इत्सा लोकांच्या विहिरीचे मुख' असा आहे. तेथील चार बाजूंनी पायऱ्या असलेले उंच देवालय जगप्रसिद्ध आहे, आणि हे नगर १९८८ साली जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले. आम्हांला मात्र तेथे जाणाऱ्याने देवालयाइतकेच लक्ष पाण्याकडे द्यावे असे वाटते. कारण या एका नगरात दोन पाण्यांचे दोन स्वतंत्र उपयोग होते. श्टोलोक नावाच्या विहिरीचे पाणी रोजच्या वापरासाठी होते. दुसरी मोठी विहीर सुमारे ६० मीटर रुंदीची, काठापासून पाण्यापर्यंत २० मीटरांहून अधिक खोल. ती चाक या पर्जन्यदेवतेची. तिच्यात धूप, हिरवे मौल्यवान खडे, सोने आणि प्रसंगी माणसेही अर्पण होत. १९०४ सालापासून एडवर्ड टॉम्सन या अमेरिकन माणसाने तिचा गाळ उपसला, तेव्हा या वस्तू आणि मनुष्यांच्या अस्थी खरोखरच वर आल्या. आजचा प्रवासी या देवाच्या विहिरीत उतरत नाही. तो तिच्या काठावर उभा राहून पाहतो. पोहण्यासाठी वाटाडे त्याला निराळ्या सेनोतेवर नेतात. तेथे आधी अंगावरची तेले-मलमे धुऊन काढावयास सांगतात, तरंगण्याचे जाकीट देतात, आणि मगच पाण्यात सोडतात.

म्हणजे पिण्याचे पाणी वेगळे, देवाचे पाणी वेगळे आणि पोहण्याचे पाणी वेगळे. हा विवेक ज्या सहलीत पाळला जातो ती सहल चांगली, आणि जेथे तो सुटतो तेथे पाणीही नासते व वास्तूही नासते. आमच्या सगळ्या विवेचनाचे सूत्र हेच आहे.

आता युकातानातून आपल्या मुलखात येण्यापूर्वी एक नवलाची गोष्ट सांगितली पाहिजे. युकातानातील पुष्कळशा सेनोते नकाशावर मांडल्या तर त्यांची एक मोठी अर्धवर्तुळाकार रांग दिसते. ही रांग म्हणजे जमिनीखाली दडलेल्या एका प्रचंड विवराची कड होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एक अवाढव्य अशनी तेथे आदळला. असा काही आघात झाला असावा ही कल्पना लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली मांडली, आणि विवर तेथलेच हे १९९१ च्या सुमारास शास्त्रज्ञांत मान्य होऊ लागले. नेमक्या त्याच भूशास्त्रीय काळात आपल्या दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरांवर थर पसरत होते. कवठे महांकाळच्या कोणत्याही विहिरीच्या कडेला जो काळा पाषाण दिसतो, तो त्या अग्निरसाचाच थिजलेला थर आहे. त्यांच्या विहिरींची कड आणि आमच्या विहिरींचा दगड ही पृथ्वीच्या इतिहासातील एकाच पानावरची अक्षरे आहेत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

दोन्ही दगडांचा स्वभाव मात्र भिन्न. चुनखडी पाण्यात विरघळते, काळा पाषाण तसा विरघळत नाही. म्हणून युकातानात निसर्गाने विहिरी करून दिल्या आणि आमच्याकडे त्या माणसाला घामाने फोडाव्या लागल्या. आमच्या खडकात पाणी राहते ते भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. घट्ट काळ्या पाषाणाखाली मांजऱ्या लागतो, कोठे मुरूम लागतो, कोठे दोन लाव्ह्यांच्या मधला तांबडा मातकट पट्टा लागतो. या सांध्यांतून झरे फुटतात. विहीर फोडणारे वडार बांधव दगडाचा रंग आणि सुतकीचा आवाज यांवरून पाणी जवळ आले की नाही हे ताडीत. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नव्हते, पण ते ग्रंथातल्या ज्ञानाइतकेच खरे होते.

हाच दगड आपल्या पूर्वजांनी लेणी कोरण्यासाठी निवडला. लेणे बांधत नाहीत, ते वजा करीत जातात. वरून, म्हणजे छताकडून, कोरण्यास आरंभ करावयाचा आणि खाली उतरत यावयाचे, म्हणजे परांचीची गरज फारशी उरत नाही. खांब म्हणून जे ठेवावयाचे तेवढे ठेवून बाकीचा दगड काढून टाकावयाचा. एकदा चुकून उडालेला कपचा पुन्हा बसविता येत नाही. आजूबाजूला अर्धवट सोडलेले एखादे लेणे असले की चांगला वाटाडा मंडळींना आधी तेथे नेतो. पूर्ण लेण्यापेक्षा अपुऱ्या लेण्यात छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात आणि कारागिराची रीत उमगते.

परंतु कारागीर आणि भिक्षू डोंगरावर राहणार तर ते पिणार काय? याचे उत्तर लेण्याच्या दाराशीच कोरलेले असते. जुन्या ब्राह्मी शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटले आहे. पोढी म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके. कान्हेरी, जुन्नर येथील लेखांत अमक्याने लेणे आणि पोढी दान दिली असे उल्लेख येतात. लेणे आणि टाके यांचे दान जोडीने नोंदले जावे, यातच सारे आले. टाक्याचे तोंड पुष्कळदा लहान आणि पोट मोठे असते, म्हणजे उन्हाने पाणी कमी उडते आणि कचरा कमी पडतो. डोंगराच्या अंगावर बोटभर रुंदीचे चर कोरून पावसाचे पाणी त्यांत वळविलेले असते. कराडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. ती नक्षीने नटलेली नाहीत, साधी आहेत. म्हणून घाईचा प्रवासी 'येथे पाहण्यासारखे काय?' असे म्हणून उतरू लागतो. वाटाड्याने त्याला टाक्यापाशी थांबवून पावसाच्या थेंबाचा प्रवास कड्यापासून टाक्यापर्यंत दाखविला, तर तोच डोंगर त्याच्याशी बोलू लागेल.

आपल्या अगदी जवळची दोन स्थळे सांगावयाची तर एक दंडोबाचा डोंगर आणि दुसरा कुकटोळीचा गिरलिंग. दंडोबा मिरजेकडून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूस, भोसे आणि खरशिंग या गावांच्या परिसरात आहे. डोंगराच्या पोटात कोरलेले शिवालय, खांब सोडून कोरलेला मंडप, आत गाभारा, आणि त्या गाभाऱ्याला वळसा घालणारी खडकातलीच अंधारी प्रदक्षिणेची वाट. श्रावणातल्या सोमवारी तेथे गर्दी लोटते. पण लेणे म्हणून ते पाहावयाचे असेल तर साधा वार निवडावा, हातात विजेरी घ्यावी, आणि त्या वाटेवर मध्येच थोडा वेळ विजेरी बंद करून उभे राहावे. दगडाचा गारवा काय असतो आणि उन्हाळ्याने पोळणाऱ्या या मुलखात लोकांना डोंगराच्या पोटात देव का बसवावासा वाटला, हे कोणी न सांगता कळते. गिरलिंग हा कवठे महांकाळ तालुक्यातलाच. त्याचा माथा विस्तीर्ण आणि सपाट आहे, आणि तेथेही खडकात वसलेले शिवस्थान आहे. माथ्यावरून चौफेर पाहिले म्हणजे तालुक्याचा नकाशाच उलगडतो. अग्रणी नदीचे पात्र, तिच्या काठाची हिरवी पट्टी, द्राक्षांच्या बागा, आणि त्यांच्या पलीकडे पिवळी पडलेली माळराने. वर्षाकाठी २० इंचांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात हिरवे कोठे आणि पिवळे कोठे, हे असे एका नजरेत दिसणे हा भूगोलाचा उत्तम धडा आहे.

लेण्यातल्या टाक्यात आणि देवळाच्या कुंडात मात्र पोहावयाचे नाही. हा नियम वाटाड्याने डोंगराच्या पायथ्याशीच सांगून टाकावा. साठलेले पाणी हालत नाही, स्वतःला धुऊन घेत नाही. शंभर माणसांच्या अंगाचा मळ आणि साबणाचा फेस पचविण्याची ताकद त्याच्यात नसते. शिवाय त्या टाक्यावर गुराखी, पाखरे आणि रानातली जनावरे अवलंबून असतात.

येथे एका गोष्टीचा खुलासा केल्यावाचून पुढे जाणे आम्हांला योग्य वाटत नाही. पाण्याचा विवेक म्हणजे माणसांतला भेद नव्हे. आपल्या देशात पिण्याच्या आणि देवाच्या पाण्याचे पावित्र्य सांगून शतकानुशतके माणसांनाच पाण्यापासून दूर ठेवले गेले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अन्याय जगापुढे उघडा केला. म्हणून आम्ही म्हणतो तो नियम पाण्याच्या उपयोगाविषयी आहे, उपयोग करणाऱ्याच्या जातीविषयी नाही. टाक्यात कोणीच पोहू नये, आणि पोहण्याच्या विहिरीत गावातल्या कोणत्याही मुलाला मज्जाव असू नये. ज्या विहिरीवर काही मुले काठावर बसून नुसती पाहत राहतात, त्या विहिरीवर सहल नेऊ नये. मुलींच्या बाबतीतही हेच. पोहणे ही जीव वाचविणारी विद्या आहे, आणि जीव मुलीचाही तितकाच मोलाचा आहे.

मग पोहावे कोठे? आपल्या भागात तीन जागा संभवतात : विहीर, डोह आणि नदी. या तिन्हींचे गुणदोष निरनिराळे आहेत.

विहीर ही आपली खरी सेनोते. जुन्या मोटेच्या विहिरी पाहा. काठावर दगडी थारोळे, बैलांना उतरण्यासाठी धाव, नाडा आणि सोंदूर ज्यांवरून फिरत त्या चाकांच्या जागा, आणि आत उतरण्यास पायऱ्या. मोटा गेल्या आणि विजेचे पंप आले, पण पुष्कळ ठिकाणी थारोळी शिल्लक आहेत. विहीर ही वास्तू म्हणूनही किती थोर असू शकते हे पाहावयाचे असेल तर साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटेची विहीर पाहावी. शाहू छत्रपतींच्या काळात वीरूबाईंनी बांधविलेली ही अष्टकोनी विहीर सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद आहे. तिच्या पोटात एक छोटा महालच आहे. बारा मोटा एकाच वेळी चालाव्यात आणि भोवतालच्या आमराईला पाणी मिळावे हा हेतू. शेतीची सोय आणि राजघराण्याचा विसावा एकाच दगडी कामात गुंफणारी अशी वास्तू पाहिली म्हणजे आपल्या बांधावरची साधी विहीरही निराळ्या नजरेने दिसू लागते. लिंबची विहीर अर्थात पाहावयाची, पोहावयाची नव्हे.

पोहण्याची विद्या आपल्याकडे अशा बांधावरच्या विहिरींतच पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर वाळलेला भोपळा बांधावयाचा, कमरेला दोर लावावयाचा, आणि दोराचे टोक पायरीवर बसलेल्या वडीलधाऱ्याच्या हाती. पुढे भोपळ्याच्या जागी पत्र्याचा डबा आला, मग प्लास्टिकचा कॅन आणि मोटारीची ट्यूब आली. आधी हातपाय मारावयाचे, मग बुडी, मग सूर, मग मुटका, आणि शेवटी तळाची माती मुठीत घेऊन वर येणे. विहीर किती परस खोल हे मुलांना तोंडपाठ असे. ज्याने ही पायरीपायरीची विद्या घेतली तो पुरात सापडला तरी सहसा घाबरत नाही.

डोह हा नदीने स्वतः घडविलेला. पावसाळ्यात पाण्याबरोबर धावणारे दगडगोटे खडकातल्या खळग्यात अडकतात आणि भोवऱ्यात गरगर फिरत त्या खळग्याला आतून कोरीत जातात. कुकडी नदीवर निघोजला असे प्रचंड रांजणखळगे आहेत, आणि काळा पाषाणही पाण्यापुढे कसा हरतो ते तेथे दिसते. चुनखडी विरघळून हरते, काळा पाषाण झिजून हरतो. परंतु असे रांजण पोहण्यास अत्यंत धोक्याचे. तोंड अरुंद, कडा गुळगुळीत, आणि आत पोटाशी रुंद झालेली कपार. त्यात पडलेल्याला बाहेर येण्यास बोटभर आधार मिळत नाही. ते काठावरून पाहावेत. पोहण्यास डोह निवडावयाचा तर उतरता काठ, स्थिर पाणी आणि माहीत असलेला तळ या तिन्ही गोष्टी असाव्यात.

उरली नदी. आमची अग्रणी खानापूर तालुक्यात उगम पावून तासगाव आणि कवठे महांकाळ तालुक्यांतून वाहते व पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते. ती वर्षातला पुष्कळ काळ कोरडी असे. गेल्या दशकात लोकांच्या आणि शासनाच्या प्रयत्नांनी तिचे पात्र मोकळे करण्याचे आणि बंधाऱ्यांचे काम झाले, आणि म्हैसाळ योजनेचे कृष्णेचे पाणी उपसा करून या भागात येऊ लागले. त्यामुळे कित्येक विहिरींची पातळी वाढली. तथापि बंधाऱ्याच्या तोंडाशी पोहणे टाळावे, कारण फळ्यांच्या फटींतून जाणारे पाणी माणसाला ओढते. कृष्णाकाठी सहल नेणाऱ्यांना तर वेगळाच इशारा दिला पाहिजे. भिलवडी, औदुंबर या बाजूच्या कृष्णेत मगरींचा वावर आहे आणि माणसे त्यांना बळी पडली आहेत. औदुंबरच्या घाटावर दत्तदर्शन घ्यावे, बह्याला नदीच्या दोन धारांमधले रामलिंग बेट आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती पाहावा, पण पाण्यात उतरण्यापूर्वी गावच्या कोळ्यांना विचारावे, आणि त्यांनी नको म्हटले तर हुज्जत घालू नये.

येथे वाटाड्याच्या खऱ्या कामाकडे आपण येतो. वाटाडा म्हणजे पुढे चालणारा आणि दंतकथा सांगणारा माणूस एवढीच आपली समजूत आहे. वस्तुतः त्याचे अर्धे काम दगड वाचण्याचे आणि अर्धे पाणी वाचण्याचे असते. दगड वाचण्यात त्याने दंतकथा आणि इतिहास यांची सरमिसळ करू नये. 'हे पांडवांनी एका रात्रीत कोरले' असे गाव म्हणत असेल तर गाव तसे म्हणते असे सांगावे, आणि मग छिन्नीचे घाव दाखवून याला किती रात्री लागल्या असतील ते श्रोत्यांनाच विचारावे. दंतकथेने लेण्यावरचे प्रेम टिकते आणि घावांनी कारागिराचा मान टिकतो. दोन्ही हवे.

पाणी वाचण्याचे काम याहून जबाबदारीचे. त्यासाठी काही नियम स्पष्ट सांगितले पाहिजेत. विहिरीच्या धन्याची आधी परवानगी घ्यावी. पंपाची वीज केवळ बटण दाबून नव्हे, तर पेटीतून पूर्ण बंद करून घ्यावी, कारण फाटलेल्या वायरीतून पाण्यात वीज उतरून क्षणात जीव जातो. कोणालाही पाण्यात सोडण्याआधी एका पोहणाऱ्याने दोर धरून खाली उतरावे, आणि गाळ, काटेरी फांदी, पाइपाचा वाकडा तुकडा असे काही आहे काय ते पाहावे. मागल्या वर्षी तळ खोल होता म्हणून यंदाही असेल असे मानू नये. पोहता न येणाऱ्यांना डबा आणि दोर दोन्ही असावेत. पाण्यात गेलेले आणि बाहेर आलेले यांची मोजदाद एकाच माणसाने ठेवावी, आणि त्याने स्वतः पाण्यात उतरू नये. कोणी बुडू लागला तर समोरून जाऊन धरू नये, कारण घाबरलेला माणूस वाचविणाऱ्यालाही घेऊन बुडतो. दोर, काठी, धोतर, जे हाती येईल ते फेकावे. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबीत बसू नये. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणे आणि छातीवर दाब देणे ताबडतोब सुरू करावे आणि वाहन बोलवावे. हे ज्याला येत नाही त्याने सहलीचे पुढारपण घेऊ नये, मग तो इतिहासाचा कितीही मोठा जाणकार असो.

अशा सहलीचा दिवस कसा आखावा याचाही एक ढोबळ नमुना देऊ. कवठे महांकाळहून पहाटे सहाच्या सुमारास, ज्या देवीच्या नावाने गाव ओळखले जाते त्या महांकालीचे दर्शन घेऊन निघावे. ऊन तापण्याआधी गिरलिंगाचा माथा गाठावा. वर तासभर फिरून, खडकातले शिवस्थान पाहून, दहा-साडेदहाच्या आत खाली यावे. उन्हातून आल्याबरोबर गार विहिरीत उडी घेऊ नये. झाडाखाली बसावे, घाम वाळू द्यावा, आणि तेवढ्यात विहिरीच्या धन्याकडून विहिरीची हकीकत ऐकावी : कोणत्या साली फोडली, किती परसांवर पाणी लागले, कोणत्या दुष्काळात आटली. आमच्या मते सहलीतला हा सर्वांत मोलाचा तास. १९७२ च्या दुष्काळात गावाने काय सोसले हे सांगणारी माणसे अद्याप आहेत, आणि ती फार काळ असणार नाहीत. त्यानंतर पोहणे, मग भाकरी, पिठले, ठेचा आणि ताक. भरल्या पोटी पुन्हा पाण्यात उतरावयाचे नाही. उन्हे कलली की दंडोबाकडे निघावे, अंधारी प्रदक्षिणा करावी, आणि डोंगरावरून सूर्यास्त पाहून परतावे. दोन डोंगर एका दिवसात जड वाटत असतील, लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील, तर एकच करावा. सहल ही पायांची शर्यत नव्हे.

या साऱ्यातून साधणार काय, असा व्यवहारी प्रश्न कोणी विचारील. पहिला लाभ असा की, जी वास्तू लोक जाणतेपणाने पाहतात तिच्यावर ते नावे कोरीत नाहीत आणि तैलरंग फाशीत नाहीत. दुसरा असा की, ज्या विहिरीवर वर्षातून चार वेळा मुले पोहावयास येणार आहेत, ती विहीर धनी गाळाने आणि केरकचऱ्याने बुजू देत नाही. आज ठिकठिकाणी कूपनलिका झाल्या, जुन्या विहिरींना वाली उरला नाही आणि त्यांचे उकिरडे होऊ लागले आहेत. कूपनलिकेचे पाणी खाली पळाले की हीच विहीर पुन्हा आठवते, पण तोवर ती बुजलेली असते. तिसरा लाभ गावातल्या तरुणांना चार पैसे मिळण्याचा. जेवण देणारी घरे, वाहन चालविणारे, वाटाडे यांना थोडे काम मिळेल. तो लाभ खरा असला तरी लहान आहे, आणि तोच मुख्य धरला तर युकातानासारखी गर्दी ओढवते. चिचेन इत्साच्या देवालयावर पूर्वी प्रवासी चढत. त्यांच्या पावलांनी पायऱ्या झिजल्या, अपघात झाले, आणि अखेर चढण्यास मनाई करावी लागली. गर्दीचा हा धडा आपण फुकटात शिकलेला बरा.

चौथा लाभ आमच्या दृष्टीने सर्वांत थोर. आमची मुले पोहणे विसरत चालली आहेत. विहिरी बुजल्या, शिकविणारे वडीलधारे शहरांत गेले, आणि उरलेल्या विहिरींवर 'जाऊ नका' एवढेच मुलांना सांगितले जाते. पण मुले जातातच, आणि न शिकलेली मुले बुडतात. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत येणाऱ्या त्या चार ओळींच्या बातम्या आपण सवयीने वाचून पुढे जातो. मनाई हा त्यावरचा उपाय नव्हे. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, दोर कमरेला बांधून, पाण्याची ओळख करून देणे हाच उपाय आहे.

माया लोकांची नगरे का ओस पडली याविषयी विद्वानांनी अनेक कारणे दिली आहेत, आणि त्यांत दीर्घ अवर्षण हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. देवाच्या विहिरीत सोने टाकूनही पाऊस आला नाही. आमच्या पूर्वजांनी लेण्याच्या दाराशी टाके कोरले, बांधावर विहीर फोडली आणि मुलाच्या पाठीला भोपळा बांधला. ही तिन्ही कामे पावसावर रुसून बसणाऱ्यांची नव्हेत, पडलेल्या पावसाचा हिशेब ठेवणाऱ्यांची आहेत. या उन्हाळ्यात आपल्या गावातली एक जुनी विहीर निवडावी, तिचा गाळ काढावा, तिच्या पायऱ्या दुरुस्त कराव्यात, आणि पोहता येणाऱ्या दोन माणसांनी गावातली दहा मुले हाताशी धरावीत. डोंगरावरची लेणी पुढच्या वर्षीही जागेवर असतील. मुलांना पाणी शिकविण्याचे काम मात्र पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.